भाकरीचा ब्रिक्स

बारामती,
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन लावला की तू तीनदा हां हां म्हणतोस आणि चौथ्यांदा पावसाचं विचारतोस, म्हणून हे पत्र. तुझ्या अविराजनं एवढं पुण्याहून कानाचं यंत्र आणून दिलं, ते डबीत घालून कपाटात ठेवणारा तुझ्यासारखा दुसरा माणूस इंदापूर तालुक्यात नसेल. असो. पत्र दुधाच्या गाडीवरच्या रामहरीबरोबर देते आहे, उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

बातमी चांगली नाही. माझ्या नातीचं, नंदिनीचं रक्त तपासलं. बारा वर्षांची पोर, वजन सदुसष्ट किलो. तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा सहा पूर्णांक तीन निघाला. साडेसहाला मधुमेह म्हणतात. लिव्हरलाही चरबी धरली आहे. डॉक्टरांनी तीन महिने दिलेत. तेवढ्यात खाण्यापिण्यानं आकडा उतरला तर ठीक, नाहीतर गोळ्या. सातवीतल्या पोरीला साखरेच्या गोळ्या, दादा!

आणखी एक सांगते, लिहायलाही लाज वाटते. वर्षभर तिची मान मागून काळी पडत चालली होती. तिची आई सोनम आपली म्हणायची, ही नीट अंघोळ करत नाही. मग मी न्हाणीत बसवून डाळीच्या पिठानं घासली, लिंबानं घासली, शेवटी काथ्या घेतला. पोरगी रडायची आणि मी वर सुनावायची की मळ निघताना दुखायचंच. डॉक्टरांनी मान बघितली आणि सांगितलं, हा मळ नव्हे. अंगात इन्सुलिन जास्त झालं की कातडी अशी काळवंडते. अडतीस वर्षं शाळेत दुसऱ्यांच्या पोरांची नखं आणि कान तपासले मी, आणि घरच्या पोरीची कातडी सोलत बसले. शहाणी म्हणवते स्वतःला!

आता मुद्द्याचं. साखर, गूळ, बिस्किटं, फरसाण, पोहे, साबुदाणा, बटाटा सगळं बंद. भात बंद. भाकरी दुपारी अर्धी, रात्री नाही. त्याऐवजी अंडी, पनीर, ताक, पालेभाजी, वांगी, भेंडी, मासे, मूठभर शेंगदाणे, पण पोटभर. उपाशी ठेवायचं नाही हे डॉक्टरांनी तीनदा बजावलंय. दर पंधरा दिवसांनी त्या उंची-वजन बघणार. दिवाळीला नंदिनी तुझ्याकडे निरवांगीला येणारच. तेवढे दिवस तिचं पथ्य सांभाळ, एवढं मागणं आहे. डॉक्टर म्हणजे तमन्ना, आपल्या अकबरभाईची मुलगी. लहान मुलांच्या डॉक्टर आहेत, हाताला गुण आहे.

शेजारच्या बायका येऊन तोंड भरून सांगतात की खात्यापित्या घरची लेक अशीच दिसायची. त्यांना मी चहाही विचारत नाही.

तुझी माया आहे तशी राहू दे, आणि उत्तर लवकर धाड.

तुझी
विजयमाला


निरवांगी,
दि. १६ ऑगस्ट २०२५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. वाचून आधी पोरीसाठी जीव तुटला आन् मग त्या डॉक्टरणीचं हसू आलं. अकबर माझ्या हाताखाली चिटबॉय हुता, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या फाडायचा. ही तमन्ना त्याच्या सायकलीच्या दांडीवर बसून फडात यायची. नाक वहायचं. मी उसाचं कांडं सोलून हातात दिलं की गप बसायची. आता ती मला साखर शिकवणार! एकतीस वर्सं कारखान्याचा शेतकी ओव्हरसियर म्हणून ह्या तालुक्यातल्या उसाची साखर मी मोजली. कुठल्या फडाला कधी कोयता लावायचा ते माझ्या आकड्यावर ठरायचं.

तू मास्तरीण हायस, तुला पुरावा लागंल. म्हणून रसातली साखर मोजायचं माझं ब्रिक्सचं यंत्र काढलं. तुला ठावं हाय, काचेवर रसाचा थेंब टाकायचा, नळी उजेडाकडं धरायची, आत आकडा दिसतो. आधी खात्री म्हणून घरच्या उसाचा रस बघितला, एकोणीस. मग जोंधळ्याची भाकरी कुस्करून पाण्यात कालवली, फडक्यानं गाळली, थेंब टाकला. आकडा एक. भाताला तेवढाबी न्हाय. मग तुझ्या डॉक्टरणीचं औषध तपासलं. ज्याचं पनीर करत्यात ते दूध, अकरा. अंड्याचा पांढरा बलक, चौदा! दोनदा काच पुसून बघितलं, चौदाच. म्हंजी पोरीच्या ताटातनं एकवाली भाकरी काढायची आन् चौदावालं अंडं वाढायचं. ह्याला म्हणायचं इलाज! आमच्या कारखान्यात असला हिशेब कुणी केला असता तर साहेबानं त्येला घरी बसवला असता.

आपला बा चार भाकऱ्या मोडून मोटंवर जायचा, त्येला कुठला मधुमेह झाला? तुमच्या घरात बिस्किटाचे पुडे उघडे, शाळंच्या फाटकावर वडापाव, पोरगी शाळंतनं आली की मोबाईल घेऊन लोळती. ह्यातलं काय दिसलं न्हाय. सापडली कोण, तर बिचारी भाकरी. गरिबाला धरून चोर म्हणायचं, तसलं हाय हे.

नंदिनीला दिवाळीला धाडून दे. हितं आली की फडात हिंडंल, विहिरीत पवंल, आन् ताजी भाकरी खाईल. चांगली वाळून जाईल बघ. उगाच घाबरून पोरीला आजारी करू नकोस.

घरात सगळ्यांस्नी आशीर्वाद. तुझ्यावर जीव हाय म्हणून एवढं लिवलं.

तुझा
दादा


बारामती,
दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी जसंच्या तसं दवाखान्यात नेलं. मला वाटलं होतं डॉक्टर हसतील. हसल्या नाहीत. दोनदा वाचलं, मग म्हणाल्या, साहेबांना माझा सलाम सांगा, त्यांनी निदान तपासून तरी बघितलं, बाकीचे नुसतेच भांडतात. तुला साहेब म्हणणारं एवढं एकच माणूस उरलंय जगात, आणि त्याचंच तू वाहतं नाक काढतोस.

आता तुझ्या पुराव्याचं. त्यांनी मला समजावलं ते असं. तुझ्या यंत्राला पाण्यात विरघळलेलं तेवढं दिसतं. भाकरीतलं पीठ विरघळत नाही, म्हणून दिसत नाही. पण तेच पीठ तोंडात आणि पोटात गेलं की त्याची साखर होते. आणि अंड्यात तुला चौदा दिसले ते प्रोटीन. यंत्राला साखर कुठली आणि प्रोटीन कुठलं, हा फरकच कळत नाही. यंत्राला कळत नाही ते ठीक, ते बिचारं काचेचं. एकतीस वर्षं ते डोळ्याला लावणाऱ्याला कळायला काय हरकत होती?

डॉक्टरांनी तुझ्यासाठी प्रयोग सांगितलाय. भाकरीचा तुकडा पाच मिनिटं चावायचा. गिळायचा नाही. वाटीत थुंकायचा, वाटी तासभर कोमट पाण्यात ठेवायची, मग गाळून थेंब काचेवर टाकायचा. आकडा काय येतो तो बघ आणि कळव. मर्द असशील तर खरा कळव.

बिस्किटांचं तू बोललास ते मात्र खरं. पोरगी दिवसाला दोन पुडे चहात बुडवून संपवत होती आणि आम्ही कौतुकानं आणून देत होतो. डॉक्टरांनीही पहिलं बोट तिथंच ठेवलं. बापाच्या काळातल्या चार भाकऱ्यांचं म्हणशील, तर नंदिनीला दे मोट, मग मी वाढते तिला चार.

पहिले दहा दिवस फार वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडायची, ताट ढकलायची. गणपतीत तर विचारू नको. प्रत्येक घरात मोदक पुढं करून म्हणणार, एकानं काय होतंय? सात घरं म्हणजे सात एक. एका बाईनं तर वाढत्या वयाच्या पोरीचे हाल करता म्हणून मलाच झापलं. तिच्या स्वतःच्या घरात तीन माणसं इन्सुलिन टोचून घेतात. मी म्हटलं, बाई, तुमचा अनुभव दांडगा, पण आम्हाला नको. आता नंदिनी रुळली आहे. सोनम सकाळी उठून तिच्या डब्याला अंड्याची पोळी आणि भेंडी करते. तिचंही कौतुक कर कधीतरी.

दिवाळीला पाठवीन, पण तू लेखी कबूल केल्याशिवाय नाही.

रागावलास तरी माया आटू देऊ नको.

तुझी
विजयमाला


निरवांगी,
दि. ९ सप्टेंबर २०२५

चि. विजूस,
आशीर्वाद.

थुंकी चाळत बसायचे धंदे मी करत न्हाय. अडुसष्ट वय झालं माझं. गावात कुणी बघितलं तर म्हणंल, सावळारामराव कामातनं गेले.

पोरीला धाड. तुझं पथ्य पाळतो, हे लेखी घे. मला पटलंय म्हणून न्हाय, तू रडत बसशील म्हणून. उजनीचे मासे सांगून ठेवलेत.

जास्त काय लिवू.

दादा


निरवांगी,
दि. २४ ऑक्टोबर २०२५

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तू म्हणालीस मोबाईलवर नको, पत्र लिही, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. विहिरीत रोज पोहते. पाडव्याला अविराजकाकांनी नरसिंहपूरला नेलं, संगमावर पाणी खूप आहे. देवळात प्रसादाची खडीसाखर मिळाली, ती मी काकांना दिली. त्यांनी आठ जणांची खाल्ली.

आता गुपित सांगते. आबांनी सांगू नको म्हटलंय, पण तू माझी आजी आहेस आणि ते फक्त तुझे दादा आहेत. पहिल्या दिवशी आबांनी माझ्या ताटात दोन भाकऱ्या टाकल्या आणि बघत बसले. मी अर्धी खाल्ली आणि बाकीची परत ठेवली. ते फुगले. मोठी माणसं किती लहान असतात! दुपारी मी गोठ्यामागं गेले तर आबा तिथं घड्याळ बघत काहीतरी चावत होते. मग वाटीत थुंकले. मला बघून दचकले. मी म्हटलं, हा तर डॉक्टर मॅडमचा प्रयोग. मग आम्ही दोघं तासभर वाटीजवळ बसलो. आकडा सात आला. आबा म्हणाले सकाळचा चहा तोंडात राहिला असेल. मिठाच्या पाण्यानं चूळ भरली आणि परत चावलं. परत सात. मग मला चावायला लावलं. माझा आठ आला! मी ओरडले की मी जिंकले. मला वाटलं ते हसतील. ते तिथंच गव्हाणीवर बसले. मी हलवलं तरी बघेनात. रात्री जेवायला आले नाहीत, फुलाआजीच्या फोटोसमोर बसून होते. काकू म्हणाल्या, सणाला आजीची आठवण येते त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून ते मला ताक करून देतात आणि स्वतःही अर्धीच भाकरी खातात. भाऊबीजेला पुष्कळ पाहुणे आले होते. एक मावशी माझा गाल ओढून म्हणाली की हाडानंच जाड आहे ही, कशाला मारता जीव, आणि अनारसा माझ्या तोंडाजवळ आणला. आबांनी कानात यंत्र घातलं होतं, त्यामुळं त्यांना ऐकू गेलं. ते एवढ्या जोरात ओरडले की मावशीच्या हातातून अनारसा पडला. मला लाज वाटली, पण बरं पण वाटलं.

तमन्ना मॅडमना सांग, मी पथ्य मोडलं नाही. शंकरपाळी एकदा खाल्ली. चार. बाबांना आणि आईला नमस्कार. माझ्यावर रागावू नको, तेवढं प्रेम शिल्लक ठेव.

तुझी
नंदिनी


बारामती,
दि. १८ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बस खाली आणि नीट वाच. सहा पूर्णांक तीनचे पाच पूर्णांक आठ झाले. वजन साडेचार किलोनं उतरलं आणि उंची एक सेंटिमीटर वाढली. लिव्हरचे आकडेही खाली आलेत. गोळ्या नाहीत! डॉक्टर म्हणाल्या लगेच नाचू नका, हे सांभाळायचं आहे, आकडा पुन्हा चढायला वेळ लागत नाही. तरी मी घरी येऊन देवापुढं एकटीच नाचले.

आता तुझ्याकडं वळते. थुंकीचे धंदे करत नाहीस म्हणालास. मग गोठ्यामागं तीनदा वाटी घेऊन कोण बसलं होतं? सात आकडा तुला दिसला, त्याला महिना होत आला. एक ओळ लिहायला हात मोडला होता का? पोरीला वर गप्प बसायला शिकवतोस. फुलावहिनी गेल्यापासून तुझी चूक तोंडावर सांगणारं कुणी राहिलं नाही, म्हणून एवढा चढून बसलास. मी आहे अजून. मला दोन ओळी लेखी हव्यात की सावळाराम चुकला आणि अकबरची पोरगी बरोबर होती. त्या ओळी मी फ्रेम करून दवाखान्यात लावणार आहे.

थंडी पडली आहे, कानटोपी घाल. बहिणीचं बोलणं मनावर घेशील तेवढं घे, बाकी सोडून दे.

तुझी
विजयमाला


निरवांगी,
दि. २३ नोव्हेंबर २०२५

चि. विजूस,
अनेक आशीर्वाद.

नंदिनीचा आकडा वाचला आन् उभ्या घराला वाचून दाखवला. सोनमला सांग, तिनं केलं ते आमच्या शंभर शहाण्यांस्नी जमलं नसतं.

तुला दोन ओळी पायजेत, घे. सावळाराम चुकला. अकबरची पोरगी बरोबर हुती. लाव फ्रेम. मोठी लाव.

पर मी महिनाभर का लिवलं न्हाय ते तुला कळलेलं न्हाय. तुला वाटलं, मी ताठ्यानं गप बसलो. फुलाला साखर निघाली तवा डॉक्टरनं सांगितलं, गोड बंद. एवढंच सांगितलं का आणखी काय सांगितलं आन् मीच ऐकलं न्हाय, ते आता आठवत न्हाय. मी गोड बंद केलं. साखरंचा डबा कुलपात ठेवला. मोठा हुशार ना मी, माझ्याकडं यंत्र! तिच्या चहाच्या कपातला थेंब काचेवर टाकून बघायचो, चोरून साखर घातली का म्हणून. सगळ्या घरादारात कौतुक, सावळारामराव बायकोला किती जपत्यात. आन् तिला भूक लागायची म्हणून हातानं तीन भाकऱ्या वाढायचो, वर भात. चतुर्थीला साबुदाणा. भाकरीला माझ्या यंत्रात आकडाच नव्हता.

दर खेपंला रक्तातली साखर वाढलेली निघायची. मी म्हणायचो, तू चोरून खातीस. ती शपथा घ्यायची. मी डबे हुडकायचो, तिच्या पिशव्या उलट्या करायचो. एकदा पाहुण्यांदेखत तिच्या पदराची गाठ सोडून बघितली, गूळ बांधलाय का म्हणून. गाठीत सुपारी निघाली. तिनं पदर तसाच डोक्यावर घेतला आन् चुलीम्होरं जाऊन बसली. पाय सडला, तो कापायला दवाखान्यात नेलं, तवाबी मी म्हटलं, कबूल कर आता तरी. ती म्हणाली, "न्हाय वो खाल्लं मी." त्यानंतर सहा दिवसांनी गेली. मी ते खोटं धरलं, विजू. चार वर्सं तिच्या फोटोला हार घालताना मनात हेच, की खाल्लं असंलच हिनं.

गोठ्यामागं सात आकडा बघितला तवा पोरगी जिंकले जिंकले म्हणून नाचत हुती. तिला काय सांगू?

माझंबी रक्त तपासायचं हाय, मोठ्या माणसांनी कुणाकडं जायचं ते तमन्नाच सांगंल, पुढल्या मंगळवारी येतो. कानाचं यंत्र घालून येतो, म्हंजी डॉक्टर काय बोलती ते नीट ऐकू यील. अकबरला घेऊन दवाखान्यात थांबीन, तू लवकर ये. माझ्यावर जी काय माया उरली असंल, ती तेवढी राहू दे.

तुझा
दादा

ता. क. तू आधी एकटी भेटलीस, तर डॉक्टरणीला एक विचारून ठेव. तवाच भाकरी कमी केली असती, तर फुला वाचली असती का?
नको. विचारू नको. ती खरं सांगंल.